पुलाकडची खिडकी

सोमवार, तारीख ४

सगळ्यात आधी आला तो दलाल. त्याच्यामागून एक जाडजूड गृहस्थ, आणि त्यांच्यामागून त्यांच्या सासूबाई. सासूबाईंना तीन जिने चढून एवढी धाप लागली होती की घर बघण्याआधी त्यांनी माझी खुर्ची बघितली आणि तिच्यात बसल्या. या दलालाला मी मनातल्या मनात होहो म्हणते. काहीही विचारा, तो हो हो म्हणतो. पाणी येतं का? हो हो. ऊन येतं का? हो हो. आवाज येतो का? तेवढ्याला मात्र त्याने खिशातला फोन काढून बघितला, वाजलेला नसताना.

मग मी काय केलं, उठले आणि मोठी खिडकी सताड उघडली. बाहेर पुलाचं काम ऐन भरात. फोडायचं मशीन धडधडत होतं, मिक्सर फिरत होता, कोणी तरी सळईवर हातोडा घालत होतं. सासूबाईंच्या हातातल्या पेल्यातलं पाणी नाचायला लागलं.

"आजी, खिडकी लावा ना," होहो म्हणाला.

"लावली असती रे बाबा, पण कडी गंजलीय."

कडीला काही झालेलं नाही. गेल्या आठवड्यातच तिला तेल घातलंय. पण गृहस्थांनी रुमाल नाकाला लावला, सासूबाई उठल्या, आणि वरात आली तशी खाली गेली.

हे लबाडीचं लिहू की नको असं झालं होतं. पण नातीने ही वही देताना बजावलंय, आजी, खरं खरं लिही, मी सुट्टीत आले की वाचणार आहे. तिच्या दोन सुट्ट्या होऊन गेल्या. आजकाल मुलांना अभ्यास फार असतो.

आता नातीला कळायला हवं म्हणून सांगते. घर विकायचं हे तुझ्या बाबाच्या डोक्यातलं. पुलाचं काम सुरू झाल्यापासून आमच्या इमारतीतली पुलाकडची माणसं एकेक करून निघून गेली. समोरच्या बाई गेल्या, त्यांच्याशी माझं दोन वर्षं भांडण होतं, तरी गेल्या तेव्हा वाईट वाटलं. भांडायलाही माणूस लागतं. तुझा बाबा म्हणतो, आई, त्या धुळीत एकटी काय करतेस, इकडे ये. मी म्हटलं, पूल जुळेपर्यंत गिऱ्हाईक आलं तर येईन. नाही आलं तर मला इथेच राहू दे. तो म्हणाला, बरं बरं, चालेल. म्हणजे ठरलं.

बुधवार, तारीख ६

आज दलाल नाही, कोणीच नाही. दिवसभर खिडकीत.

मी तिसरीत शाळा सोडली, त्यामुळे मोठमोठे शब्द मला येत नाहीत. दिसतं ते लिहिते. नदीत दोन उंच खांब आहेत. खांबाच्या डोक्यावरून दोन्ही बाजूंना हात निघालेत, माणसाने दोन हात पसरावेत तसे. दोन्ही खांबांचे आतले हात रोज थोडे थोडे एकमेकांकडे सरकतात. मी त्यांना, दोघी बहिणी असाव्यात तसं, अलीकडची आणि पलीकडची म्हणते. हाताच्या टोकाला एक लोखंडी पाळणा टांगलेला असतो. त्यात माणसं उभी राहून पुढचा तुकडा भरतात, तो सुकला की पाळणा पुढे.

पण खरी गंमत रंगाची. लोक म्हणतात काँक्रीट राखाडी. बघितलंय कुठे कोणी! भरलं की ते काळसर आणि चमकदार असतं, भिजलेल्या म्हशीच्या पाठीसारखं. दुसऱ्या दिवशी निळसर. मग त्याच्यावर पोती टाकून पाणी मारत बसतात, तापातल्या पोराच्या कपाळावर घड्या ठेवाव्यात तसं. पोती काढली की फिकं, अगदी पिठासारखं फिकं. त्यामुळे त्या हाताकडे बघितलं की कळतं, हा तुकडा कालचा, हा परवाचा, हा महिन्यापूर्वीचा. फळ्या काढल्यावर लाकडाच्या रेघा काँक्रीटवर उमटतात. गाठीसुद्धा. झाड तोडून फळी केली, फळी काढून टाकली, आणि झाडाची गाठ राहिली पुलावर.

आमच्या ह्यांना हे दाखवलं असतं तर म्हणाले असते, तुला सिमेंटमध्ये काय दिसतं बाई? आणि मग स्वतःच तासभर बघत बसले असते.

क्रेनवाल्याने आज सकाळी पण मला हात केला. रोज करतो. पहिला भार उचलायच्या आधी केबिनमधून हात वर. मीही करते. नावगाव माहीत नाही, पण सकाळी कोणी तरी हात केला की दिवसाला बरी सुरुवात होते.

शनिवार, तारीख ९

चिरंजीवांचा फोन. मी म्हटलं, अरे, अलीकडची आता काठावरच्या झाडाच्या पुढे गेली बघ. तो म्हणाला, कोण अलीकडची? कुठे गेली? मी म्हटलं, पुलाची. तो म्हणाला, आई, तू दुपारी झोपतेस ना?

मग म्हणाला, तुझी सोय झालीय. हॉलमध्ये घडीचा पलंग घेतलाय, दिवसा तो भिंतीत जातो.

"आणि मी दिवसा कुठे जायचं?"

"आई, चेष्टा करू नकोस."

मी विचारलं, तिथे खिडकी आहे का रे? तो म्हणाला, एसी आहे आई. मी म्हटलं, खिडकी? तो म्हणाला, आहे ना, मागच्या डक्टकडे. डक्ट म्हणजे काय ते मी विचारलं नाही. सूनबाईंनी मागून सांगितलं, पाइप जातात तिथून.

सूनबाई चांगली आहे. बोलते कमी, पण माझ्या गोळ्यांची आठवण तीच करून देते.

मंगळवार, तारीख १२

आज मी पूल बंद पाडला!

हसू नकोस. सकाळी रजई धुतली. लाल, जाड, तुझ्या पणजीच्या वेळची. ती वाळवायची कुठे? खिडकीच्या गजांवर टाकली. चांगला वारा होता, मस्त फडफडत होती. मी आत चहा टाकायला गेले. थोड्या वेळाने वाटलं, एवढी शांतता कशी? मशीन बंद. बाहेर बघते तर क्रेनच्या दोरीला सळयांचा भारा अधांतरी लोंबतोय, आणि खालची सगळी माणसं माना वर करून माझ्या खिडकीकडे बघतायत. जन्मात एवढ्या माणसांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

दार वाजलं. एक मुलगी, पिवळं हेल्मेट, बुटांना चिखल. इथली इंजिनिअर.

"आजी, ती लाल रजई तुमची?"

"माझीच. का गं? पाणी गळतंय का खाली?"

"ती आधी काढा!"

काढली. मग कळलं. आमच्या खिडकीच्या बरोबर खाली मचाणावर झेंडेवाला उभा असतो. क्रेनवाल्याला भार खाली कुठे टेकतो ते दिसत नाही, म्हणून झेंडेवाल्याने हिरवा दाखवला की भार चालवायचा, लाल दाखवला की जागच्या जागी थांबायचं. आणि झेंडेवाल्याच्या डोक्यावर माझी पलंगाएवढी लाल रजई फडकत होती. झेंडेवाला हिरवा हलवून हलवून दमला, क्रेनवाला काही हलेना. त्याला वाटलं, एवढा मोठा लाल म्हणजे तेवढंच मोठं संकट.

"म्हणजे माझ्या रजईने एवढा मोठा पूल थांबवला?"

"थांबवला की! वर साहेबांचा फोन आला, काय झालं म्हणून. काय सांगू त्यांना? कोणाची तरी रजई वाळतेय?"

आणि तिलाच हसू फुटलं. मग मी कशाला मागे राहते. दोघी दाराच्या चौकटीला धरून हसलो. माझ्या दारात बऱ्याच दिवसांनी कोणी तरी हसलं.

चहा झालाच होता. पेला घेऊन ती खिडकीशी गेली. म्हणाली, "इथून असं दिसतं होय? आम्हाला खालून नुसता चिखल दिसतो हो आजी."

मी तिला विचारलं, दोन्हीकडे एकाच वेळी का भरता? एक हात आधी पुरा करा, मग दुसरा करा. ती म्हणाली, एकीकडे तुकडा लावला की दुसरीकडेही लावावा लागतो, नाहीतर खांब एका अंगाला ओढला जाईल. आधार काही नाही, एका हाताला दुसऱ्या हाताचाच आधार. हे मला फार आवडलं. दिवसभर घोळवत होते. एका हाताला दुसऱ्या हाताचाच आधार.

जाताना म्हणाली, पुन्हा येते चहाला. आणि लाल काही वाळवू नका म्हणाली.

रविवार, तारीख १७

सुट्टी. क्रेन उभी. पोत्यांवर पाणी मारणारा एकटा माणूस येऊन गेला. हेल्मेटवाली काही आली नाही चहाला. कामाची मुलगी, तिला कुठे वेळ.

आज घरात काय बोलले ते आठवून बघितलं. दूधवाल्याला "ठेवा" म्हटलं. बस.

गुरुवार, तारीख २१

होहो आज दोन पार्ट्या घेऊन आला. पहिल्यांना खिडकी उघडून दाखवली, पळाले. दुसरे जरा चिवट निघाले. त्यांना खिडकीही दाखवली आणि खिडकीखालची फळी बोटाने पुसून बोटही दाखवलं. मग तेही गेले.

जिना उतरताना होहो मला म्हणाला, "आजी, तुम्ही माझं पोट मारताय."

मी म्हटलं, "मी कुठे काय केलं? तुझा पूल, तुझी धूळ."

"माझा पूल?"

"मग माझा आहे का?" असं मी म्हटलं खरं, पण वर येऊन खिडकीत उभी राहिले तेव्हा मला वाटलं, आहे. माझाच आहे. दुसरं कोण बघतंय त्याच्याकडे?

दुपारी उन्हाचा एक पट्टा दोन हातांच्या मधल्या फटीतून खाली येतो आणि नदीच्या पाण्यावर पडतो. हात जवळ येत चालले तसा तो पट्टा बारीक होत चाललाय. आधी रस्त्याएवढा होता. आता पट्टीएवढा. पूल जुळला की तो जाणार. त्याचं वाईट वाटतं, आणि जुळावा असंही वाटतं. दोन्ही एकदम कसं वाटतं कोण जाणे.

सोमवार, तारीख २५

खालून हाक आली, "आजीऽऽ!" धावतच खिडकीत गेले, म्हणजे माझ्या गुडघ्यांना झेपेल तसं. हेल्मेटवाली, दोन्ही हात तोंडाशी धरून.

"शुक्रवारी जोड! पहाटे!"

"पहाटे का गं?"

"गारव्यात भरायचा! ऊन लागलं की हात लांबतात!"

एवढा मोठा पूल आणि त्यालाही ऊन लागलं की अंग सैल सोडावंसं वाटतं. मला बाई फारच गंमत वाटली. वर ये चहाला, म्हणून ओरडले, पण तिने हात हलवला आणि गेली. ये म्हणून हलवला की नको म्हणून, कळलं नाही.

म्हणजे आता शुक्रवारपर्यंत कोणी घर घेतलं नाही की झालं. शुक्रवारी चिरंजीवांना फोन करून सांगणार, पूल जुळला, मी राहिले.

मंगळवार, तारीख २६

आज जे झालं ते नीट लिहायला हवं, कारण माझं मलाच कळत नाही मी काय केलं.

दुपारी होहो आला. दमलेला होता, आज हो हो पण म्हटलं नाही. मागे नवराबायको. ती कपडे शिवते, घरीच मशीन ठेवून. तो ट्रक चालवतो, माणूस कमी बोलणारा. दोघं आत आली, भिंतींना हात लावून बघितला, स्वयंपाकघर बघितलं. मी नेहमीसारखी उठले आणि खिडकी सताड उघडली. आवाज आत आला, धूळ आली. मी मनात म्हटलं, चला, आता ही जाणार.

ती गेली नाही. सरळ खिडकीशी आली आणि फळीवर दोन्ही कोपरं टेकली. धूळ पुसलीही नाही. खाली पलीकडच्या हातावर शेवटच्या तुकड्यासाठी सळयांची जाळी बांधत होते. माणसं ओणवी बसून तारेच्या गाठी मारत होती, एकेक सळई जिथे दुसरीला भेटते तिथे गाठ.

"हे बघितलं का," ती नवऱ्याला म्हणाली, "टाके आहेत. हे सगळं कच्चे टाके घालून ठेवलंय."

बस. मला एवढंच पुरलं. मी म्हटलं, आणि ते काँक्रीट म्हणजे वरचं कापड. ती म्हणाली, आणि टाके कधीच दिसणार नाहीत कोणाला. मी म्हटलं, मला दिसतात ना! मी रोज बघते! आणि मग मी जी सुटले, ती सुटलेच. म्हटलं, इथे उभ्या राहू नका, या स्टुलावर बसा, इथून खांबाच्या पोटाची गोलाई दिसते. सकाळी या अंगाला बसायचं आणि दुपारी त्या. काळसर, निळसर, फिकं, सगळं सांगितलं. फळ्यांच्या गाठी दाखवल्या. पाण्यावरचा पट्टा दाखवला, आता दोऱ्याएवढा राहिलाय. ती प्रत्येक वेळी "कुठे? हां हां, दिसलं!" म्हणायची. दिसलं म्हणायची! खोटं नाही, तिला खरंच दिसत होतं, कारण एकदा तिनेच मला दाखवलं. पाळण्याची सावली खाली नदीत हलत असते आणि तिच्यात माणसांच्याही सावल्या असतात, हे मला इतक्या महिन्यांत दिसलं नव्हतं.

तो ट्रकवालाही जवळ आला. म्हणाला, "रोज पुलांवरूनच जातो. पोट कधी बघितलं नव्हतं पुलाचं."

तेवढ्यात क्रेनवाल्याने हात वर केला. मी म्हटलं, हा बघा, मला हात करतो रोज. आणि मी हात केला. ट्रकवाला म्हणाला, "नाही आजी, तो तर खाली त्या..." आणि तिने त्याच्या कोपराला काही तरी केलं, त्याला खोकला आला. नव्या माणसाच्या घशात धूळ जाते. मी पाणी दिलं.

मग तिनेही क्रेनवाल्याला हात केला. चांगली आहे ती.

होहो दारात उभा राहून माझ्याकडे असा बघत होता, जणू मी कोणी दुसरीच बाई आहे. शेवटी म्हणाला, "खिडकी लावू का आजी?" मी म्हटलं, "राहू दे रे, लोक बघतायत."

जाताना ती दारात थांबली. हळूच म्हणाली, "आजी, एक विचारू? तुम्हाला जायचंय का खरंच?"

आता हीच वेळ होती. नाही म्हटलं असतं तर ती घर घेणार नव्हती, तेवढं मला तिच्या तोंडावरून कळलं. नाही म्हणायला एक श्वास लागतो. पण मला वाटलं, नाही म्हटलं तर ही पुन्हा कशाला येईल?

मी म्हटलं, "शुक्रवारी पहाटे जोड आहे. बघायला याल का?"

ती नवऱ्याकडे बघायला लागली. तो म्हणाला, "येऊ. गाडी नंतर काढीन."

ती गेल्यावर खिडकी उघडीच होती. बराच वेळ लावली नाही.

बुधवार, तारीख २७

सकाळीच चिरंजीवांचा फोन. आवाजात एवढा आनंद मी त्याच्या लग्नात पण ऐकला नव्हता. "आई, त्यांना घर पसंत पडलं! दलाल म्हणतो तू काय जादू केलीस कोण जाणे. बोलणं पक्कं करायला शुक्रवारीच येतायत."

मी म्हटलं, "ते जोड बघायला येतायत."

"कसला जोड?"

"पुलाचा."

"हो, तो पण बघतील. आई, मी शनिवारी येतो, सामान बांधायला. जास्त काही आणू नकोस हं, पलंग घडीचा आहे."

मी हो म्हटलं. होहोसारखी दोनदा म्हटलं. मग तो म्हणाला, आई, तू खूश आहेस ना? मी म्हटलं, आहे. हे खोटं नव्हतं, म्हणून लिहून ठेवते. घर हातचं जाणार म्हणून सकाळी मी स्वयंपाकघरात जरा रडले, डोळे पुसले, आणि दुपारी त्याच हातांनी खिडकीच्या काचा आतून बाहेरून पुसल्या, त्या दोघांना स्वच्छ दिसावं म्हणून. दोन्ही खरं आहे. नातीने विचारलं तर मला समजावून सांगता येणार नाही, पण तिने पूल बघितला तर तिला कळेल.

काचा पुसता पुसता एक विचार आला. मी गेल्यावर ती बाई मशीन कुठे ठेवेल? खिडकीशीच ठेवेल. मान वर केली की पूल, खाली घातली की कापड. तिला सांगायला हवं की दुपारी काचेवर ऊन येतं, डोळे दिपतात, तेव्हा खुर्ची डावीकडे सरकवायची. हे कालच सांगायचं राहिलं. आणि कडी गंजलेली नाही, हेही सांगायला हवं. आणि लाल काही वाळवू नये, निदान क्रेन आहे तोवर.

अलीकडची आणि पलीकडची, दोघींच्या मधे आता माणूस आडवा झोपला तर त्याचे पाय पलीकडे जातील एवढंच अंतर आहे. टोकाच्या सळया दोन्हीकडून बाहेर आल्यात, बोटांसारख्या, आणि एकमेकांच्या फटींतून आत जाऊन बसल्यात. अजून गाठी मारलेल्या नाहीत. वाऱ्याने बारीक हलतात.

खिडकीशी आता तीन जागा केल्यात. स्टूल तिला, खुर्ची त्याला, आणि मी पलंगाच्या कडेला. मला तिथून सगळंच नाही दिसत, पण मला पाठ आहे.

उजाडायच्या आत येतो म्हणालीत. शुक्रवारी.